स्मॅटरिंग : जुजबी, तुरळक की उलीसक?



नववी-दहावीच्या मुलांच्या शब्दसंग्रहाच्या वह्या एकदा सावकाश चाळून बघा. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी अर्थ. 'स्मॅटरिंग' हा शब्द आला की त्याच्यापुढे ठरलेलं उत्तर असतं : अल्पज्ञान. एखाद्या गाईडात 'वरवरचे ज्ञान' असतं, एखाद्यात 'थोडेसे'. मूल पाठ करतं, चाचणीत जोड्या लावतं, मार्क मिळतो. मग आपण म्हणतो, बेटा, आता वाक्यात उपयोग कर. तिथं गाडी अडते. मूल लिहितं, 'आय पुट अ स्मॅटरिंग ऑफ शुगर इन माय टी'. आपण लाल पेनानं फुली मारतो. पण फुली का मारली, हे त्याला कोणी सांगत नाही. 'थोडेसे' असं तर वहीतच लिहिलेलं होतं! मुलाचं काय चुकलं?

या एका शब्दावर एवढं लिहायचं कारण असं की 'थोडं' या गोष्टीची आपल्याकडं, विशेषतः आपल्या वऱ्हाडात, फार मोठी श्रीमंती आहे. आणि ती आपणच वर्गाबाहेर ठेवतो.

आधी शब्द समजून घेऊ. 'स्मॅटर' हे मूळ इंग्रजी क्रियापद आहे आणि त्याचा जुना अर्थ आहे बडबडणे, माहिती नसताना बोलत राहणे. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये ज्युलिएटचा बाप दाईला गप्प बसवताना हेच क्रियापद वापरतो. पुढे सोळाव्या शतकापासून 'स्मॅटरिंग' हे नाम रुळलं ते वरवरच्या, अर्ध्यामुर्ध्या ज्ञानासाठी. म्हणजे दोन-चार शब्द इथले, दोन-चार तिथले उचलून माणूस बोलतो तेवढं ज्ञान. तिथून अर्थ पसरला आणि ज्ञानाशी संबंध नसलेल्या गोष्टींनाही शब्द लागू झाला. सभागृहात इकडून-तिकडून चार टाळ्या वाजल्या तर 'अ स्मॅटरिंग ऑफ अप्लॉज'. माळावर दूर दूर पाच-सहा घरं दिसली तर 'अ स्मॅटरिंग ऑफ हाउसेस'.

आता बघा, या सगळ्यांत दोन गोष्टी एकत्र आहेत. एक, प्रमाण कमी आहे. दुसरी, ते कमी असलेलं एका जागी नाही, विखुरलेलं आहे. चहात घातलेली साखर थोडी असेल, पण ती विरघळते. इथं एक दाणा, तिथं एक दाणा अशी दिसत नाही. म्हणून तिथं स्मॅटरिंग बसत नाही. 'अ लिटल शुगर' म्हणा, 'अ पिंच' म्हणा. पोह्यांवर कोथिंबीर आणि शेव भुरभुरली तर ती 'स्प्रिंकलिंग', कारण ती कोणीतरी हातानं वरून टाकली आहे. स्मॅटरिंग कोणी टाकलेलं नसतं, ते तसं असतं. एवढा फरक मुलाला कळला की त्याला नियम पाठ करावा लागत नाही.

व्याकरणाचं थोडक्यात सांगतो. शब्द बहुधा 'अ' घेऊन येतो आणि मागून 'ऑफ' येतं : 'अ स्मॅटरिंग ऑफ'. पुढचं नाम भाषा, ज्ञान, माहिती असं न मोजता येणारं असेल तर एकवचनी. माणसं, घरं, झाडं असं मोजता येणारं असेल तर अनेकवचनी. 'अ स्मॅटरिंग ऑफ पीपल' नंतर 'वॉज' लिहायचं की 'वेअर', यावर शिक्षकांच्या खोलीत उगाच भांडणं होतात. दोन्ही वापर छापील इंग्रजीत सापडतात, बोलताना 'वेअर' सहज वाटतं. मुलानं कोणतंही लिहिलं तरी मार्क द्यावा, असं माझं मत.

आता मराठीकडं या. ज्ञानाच्या बाबतीत स्मॅटरिंगला सगळ्यात जवळचा शब्द आहे 'जुजबी'. 'मला संस्कृत जुजबी येतं', यात तोच भाव आहे : कामापुरतं, वरवरचं, खोलात गेलेलं नाही. 'अल्पज्ञान' हा शब्द व्याख्यानातला आहे, घरात कोणी बोलत नाही. 'तोडकंमोडकं' हा शब्द मुलं पटकन सुचवतात, पण तो भाषा कशी बोलली जाते ते सांगतो, किती येते ते नाही. एखाद्याचं इंग्रजी भरपूर असेल आणि तरी तोडकंमोडकं असेल. 'तुटपुंजं' म्हटलं की त्यात तक्रार आली, पगार तुटपुंजा असतो. 'मोजकं' म्हटलं की त्यात निवड आली. मोजकी माणसं बोलावली म्हणजे ठरवून कमी बोलावली. 'किरकोळ' म्हटलं की महत्त्वच गेलं. सगळे शब्द 'थोडं' या एकाच घरातले, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. वस्तूंच्या आणि माणसांच्या बाबतीत मात्र स्मॅटरिंगला 'तुरळक' हा अगदी नेमका शब्द आहे. रस्त्यावर तुरळक गर्दी, डोक्यावर तुरळक पांढरे केस. कमी आणि विखुरलेलं, दोन्ही त्यात आहे.

आणि मग आपलं वऱ्हाडी 'उलीसक'. कोणी उलीसा म्हणतं, कोणी उलीसाक. अमरावती-अकोल्याकडं दर दहा कोसांवर उच्चार जरा हलतो, पण शब्द सगळ्यांना कळतो. 'मले इंग्रजी उलीसक येते' असं वर्गात एखादी मुलगी म्हणाली, तर तिनं 'आय हॅव अ स्मॅटरिंग ऑफ इंग्लिश' याचं चांगलं मराठी करून दाखवलं, असं समजायला पाहिजे. आपण काय करतो? 'उलीसक काय गं, थोडेसे म्हण!' वर्ग हसतो. पुढच्या वेळेस ती मुलगी तोंड उघडत नाही. तिचा इंग्रजीचा एक तास त्या दिवशी गेला, मराठीचाही गेला.

मला माहीत आहे, यावर तुमचा आक्षेप काय असेल. बोर्डाच्या पेपरात प्रमाण भाषा लागते, तिथं 'उलीसक' लिहून चालणार नाही. बरोबर आहे. निबंधात प्रमाण मराठी लिहायची हे शिकवलंच पाहिजे, त्यात ढिलाई करून आपण मुलांचंच नुकसान करू. पण दोन कपडे असलेल्या माणसाला 'शाळेत हा घाल, शेतात तो घाल' असं सांगता येतं. त्याचा एक कपडा जाळून टाकायची गरज नसते. वहीत 'उलीसक' आलं तर फुली न मारता शेजारी 'थोडेसे' लिहा आणि सांगा की हे घरचं, हे पेपरातलं. दोन्हींतला फरक ज्या मुलाला कळला, त्याला 'जुजबी' आणि 'तुरळक' यांतला फरकही कळेल आणि 'स्मॅटरिंग' व 'स्प्रिंकलिंग' यांतलाही. तोलून शब्द वापरण्याची सवय एकच असते, ती भाषेभाषेला वेगळी लागत नाही. आपल्याच वऱ्हाडातल्या उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग' लिहिली ती वऱ्हाडी बोलीच्या जोरावर, आणि ती आज विद्यापीठांत अभ्यासली जाते. हे मुलांना सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

शेताकडं गेलं की ही श्रीमंती आणखी दिसते. कपाशीची किंवा सोयाबीनची उगवण एकसारखी झाली नाही, मधेमधे जागा रिकाम्या राहिल्या, तर शेतकरी म्हणतो उगवण तुरळक झाली, नांग्या पडल्या. मग त्या नांग्या भराव्या लागतात, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोबावं लागतं. पीक काढून झाल्यावर शेतात इथं-तिथं पडलेल्या शेंगा, कणसं, दाणे राहतात. त्याला म्हणायचं सरवा. सरवा वेचायला बाया-पोरं जात. हीसुद्धा थोडी आणि विखुरलेलीच गोष्ट! पण म्हणून सरवा म्हणजे स्मॅटरिंग असं वहीत लिहू नका. सरव्यात काढणी होऊन गेल्याची गोष्ट आहे, मागं उरल्याची गोष्ट आहे. इंग्रजीत त्या वेचण्याला 'ग्लीनिंग' म्हणतात. स्मॅटरिंगमध्ये आधी भरपूर होतं की नाही याचा पत्ता नसतो.

तशीच आणखी एक जोडी. इंग्रजीत 'इन ड्रिब्ज अँड ड्रॅब्ज' असा वाक्प्रचार आहे, म्हणजे थोडं थोडं करून, थांबत-थांबत. मुलं याला आणि स्मॅटरिंगला एकाच खणात टाकतात. आपल्याकडच्या आजोबांना विचारा. राज्यात १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, त्या काळात कापसाचे चुकारे कसे मिळायचे ते ते सांगतील : हप्त्याहप्त्यानं. पैसा एकदम हातात नाही. आज काही, मग काही महिन्यांनी काही. हे झालं 'ड्रिब्ज अँड ड्रॅब्ज', म्हणजे वेळेत विखुरलेलं. स्मॅटरिंग जागेत विखुरलेलं असतं, किंवा डोक्यात. चुकाऱ्याचं उदाहरण दिलं की वऱ्हाडातलं मूल हा फरक जन्मात विसरत नाही, कारण घरी त्यानं ते ऐकलेलं असतं.

आता ज्या ठिकाणी हे शब्द नुसते मार्कांपुरते राहत नाहीत, तिथं येतो. हवामानाचा अंदाज. जून महिन्यात आपल्या घराघरांत तो वाचला जातो, मोबाईलवर पुढे पाठवला जातो. 'अकोला, अमरावती जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह जोरदार पाऊस' अशा धाटणीचं वाक्य तुम्ही अनेकदा वाचलं असेल. हे वाक्य फळ्यावर लिहा आणि आठवीच्या वर्गाला विचारा : पाऊस किती पडणार? बहुतेक हात वर होतील आणि उत्तर येईल, 'तुरळक, म्हणजे कमी'. मोठी माणसंही हेच सांगतात. पण वाक्य तसं म्हणत नाही. तुरळक हे 'ठिकाणी' या शब्दाचं विशेषण आहे. ठिकाणं कमी आहेत; ज्या ठिकाणी पडेल तिथं पाऊस जोरदारच आहे.

भारतीय हवामान विभागाची ही भाषा मोजूनमापून ठरवलेली आहे. एखाद्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर इंग्रजीत 'आयसोलेटेड', मराठीत 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० टक्के असेल तर 'स्कॅटर्ड', म्हणजे 'काही ठिकाणी'. ५१ ते ७५ टक्के असेल तर 'फेअरली वाइडस्प्रेड', आणि त्याहून जास्त असेल तर 'वाइडस्प्रेड'. समजा वीस केंद्रं आहेत. पाचपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर तुरळक, सहा ते दहा असतील तर काही ठिकाणी. पाऊस किती, याची मोजणी वेगळी. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच 'मुसळधार' या अर्थाचा 'हेवी' शब्द लागतो. म्हणजे एका अंदाजात दोन वेगळ्या मोजण्या असतात : कुठे-कुठे आणि किती. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे वाक्य म्हणूनच विचित्र नाही. ऐकायला मात्र ते 'थोडासा खूप पाऊस' असं वाटतं, आणि तिथंच घोळ होतो.

या घोळाची किंमत आपल्या भागात कोण देतं ते तुम्हाला सांगायला नको. मिरग लागला, कुठंतरी जोराचं पाणी आलं, बातमी पसरली, तिफण शेतात गेली. शेजारच्या गावात पडलेलं पाणी आपल्या वावरात पडलेलंच नसतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, पण आभाळ भरून आलं की धीर कोणाला राहतो? मग उघाड पडते, बी मातीत करपतं आणि दुबार पेरणी येते. बियाणं दुसऱ्यांदा विकत घ्यायचं म्हणजे काय, हे ज्या घरात पहिल्यांदाच उधारीवर आणलं होतं तिथं विचारा. दुबार पेरणीचं सगळं खापर शब्दार्थावर फोडणं बरोबर होणार नाही. पावसाचा खंड पडतो, कर्ज असतं, शेजाऱ्यानं पेरलं की आपलं मागं पडेल ही भीती असते. पण आठवीतल्या मुलाला 'तुरळक ठिकाणी' याचा नेमका अर्थ कळत असेल आणि तो संध्याकाळी बापाला म्हणाला, 'बाबा, हे चारात एका जागचं सांगून राह्यले, आपल्याच गावचं नाई,' तर शाळेनं त्या घराचं एक काम केलं.

इंग्रजीच्या तासाला हे घेता येतं. 'स्कॅटर्ड शॉवर्स' म्हणतात, 'स्मॅटरिंग ऑफ रेन' असं सहसा म्हणत नाहीत. का, ते मुलांना शोधू द्या. 'स्कॅटर्ड' नुसतं विखुरणं सांगतं, प्रमाणाबद्दल बोलत नाही. विखुरलेलं भरपूरही असू शकतं. वादळानंतर अंगणभर पत्रे 'स्कॅटर्ड' असतात, तिथं थोडं काहीच नसतं.

पालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. 'स्मॅटरिंग' स्वतःबद्दल म्हटलं तर नम्रता, दुसऱ्याबद्दल म्हटलं तर टोमणा. 'मला जुजबी येतं' आणि 'त्याला जुजबीच येतं' ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. एका 'च'नं सगळं बदललं. इंग्रजीतही तसंच आहे. चारचौघांत तुम्ही म्हणता, 'आमच्या पोराले कुठं येते इंग्रजी, उलीसक येते,' तेव्हा पोरगं बाजूलाच उभं असतं. ते 'येते' ऐकत नाही, 'उलीसक' ऐकतं. सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणारं मूल, ज्याच्या घरात इंग्रजीचं एकही पुस्तक नाही, त्याच्याजवळ सातवीपर्यंत जुजबी इंग्रजी जमा झालं असेल तर ते त्यानं कमावलेलं आहे. फाडफाड बोलण्याच्या क्लासची जाहिरात बघून त्याची किंमत ठरवू नका. तिथं दोन महिन्यांत मिळणारं बरंचसं त्या जुन्या अर्थाचं 'स्मॅटर' असतं, म्हणजे न समजता केलेली बडबड.

जुजबी ज्ञानाची किंमत बघायची असेल तर मेळघाटात बघा. धारणी, चिखलदरा तालुक्यांत पहिलीत येणाऱ्या कोरकू लेकरांच्या घरी मराठी नसते. कोरकू ही मुंडा गटातली भाषा आहे, मराठीशी तिचं घराणंच वेगळं. तिथं बाहेरून गेलेल्या शिक्षकाला कोरकू पूर्ण यायला वर्षं लागतील. पण ये, बस, पाणी, भाकर, भीती वाटते का, दुखतं का, एवढे पंधरा-वीस शब्द त्यानं पहिल्या महिन्यात शिकून घेतले तर वर्गातलं रडणं निम्मं होतं. हे शुद्ध स्मॅटरिंग आहे. त्या शिक्षकाला कोरकू येते असं कोणी म्हणणार नाही, तोही म्हणणार नाही, पण लेकरू त्याच्याजवळ येतं. मग आपल्या अकोल्याच्या वर्गात उलट दिशेनं असलेलं जुजबीपण, म्हणजे मुलाचं उलीसक इंग्रजी, आपल्याला एवढं का खुपतं?

वर्गात हा शब्द घ्यायचा असेल तर मी कसा घेतो ते सांगतो, पटलं तर करून बघा. फळ्यावर इंग्रजी शब्द शेवटी लिहायचा. आधी मुलांना सांगायचं, घरी जाऊन 'थोडं' यासाठी जेवढे शब्द आजी-आजोबा, आई-बाबा वापरतात ते सगळे आणा. दुसऱ्या दिवशी चिमूटभर, मूठभर, पसाभर, घोटभर, चतकोर, नखभर, तीळभर, चिल्लर, तुरळक, जुजबी, उलीसक असा ढीग येतो. चाळीस मुलांच्या वर्गात तीस शब्द सहज होतात. मग विचारायचं, यातले कोणते शब्द एका जागच्या थोड्यासाठी आणि कोणते विखुरलेल्या थोड्यासाठी? मुलं वाद घालतात. चतकोर कुठं टाकायचा यावर तर भांडण होतं. भाकरीचा तुकडा एका जागीच असतो ना, सर! हळूहळू दुसऱ्या बाजूला तीन-चारच शब्द उरतात. त्या शब्दांच्या खाली, तेव्हा, 'स्मॅटरिंग' लिहायचं. अर्थ सांगायचा नाही. वाक्यं मुलांकडूनच घ्यायची : बाजार संपल्यावर उरलेली माणसं, उन्हाळ्यात माळावरची झाडं, मामाला येणारी हिंदी, परीक्षेच्या आदल्या दिवशी डोक्यात असलेला इतिहास. आणि साखरेचं वाक्य तुम्ही स्वतः मुद्दाम फळ्यावर लिहा. ते खोडायला वर्गातून कोण उठतं ते बघा.